ओरोंगो की पुउलोआ? कातळशिल्पांसाठी एकच बेट निवडायचं तर

पॉलिनेशियात, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवर, देव बदलले, ते दगडावर कुठे दिसतं? त्यासाठी एकदाच खिसा रिकामा करायचा असेल, तर माझं मत रापा नुईला, म्हणजे ईस्टर बेटाला.

तिथे आधी पूर्वजांच्या मोआई पुतळ्यांचा मान होता. पुढे तो माकेमाके देवाकडे आणि ‘तांगाता मानू’कडे, म्हणजे पक्षीमानवाकडे गेला. ओरोंगो हे बेटावरचं या विधीचं ठिकाण. तिथल्या सुमारे 300 मीटर उंच कड्यावरून मुखियांचे गडी खाली उतरायचे, पोहत मोटू नुई हे छोटं बेट गाठायचे आणि सुरय पक्ष्याच्या पहिल्या अंड्याची वाट बघत बसायचे. ज्याच्या गड्याला ते मिळे, तो मुखिया वर्षभर पक्षीमानव. कड्याच्या टोकावरच्या बसाल्टवर पक्ष्याचं डोकं आणि माणसाचं अंग असलेल्या उकिडव्या आकृत्या एकीवर एक कोरल्या आहेत, इतकी दाटी.

गंमत म्हणजे सगळ्यात बोलका पुरावा आता ओरोंगोत नाहीच, लंडनला आहे. होआ हाकानानाइआ हा जवळजवळ अडीच मीटरचा मोआई 1868 मध्ये ब्रिटिश नौदलाने उचलून नेला. बेटावरचे लोक तो परत मागताहेत. समोरून जुना पूर्वज, पाठीवर मागाहून कोरलेले दोन पक्षीमानव, समोरासमोर. जुना देव फोडला नाही, त्याचीच पाठ वापरली! इंग्लंडात राहत असाल तर आधी ब्रिटिश म्युझियम गाठा, तिकीट लागत नाही.

हवाईच्या पुउलोआत लाव्ह्यावर 23,000 हून जास्त कोरीव खुणा आहेत, पण बहुतेक पणतीएवढे खळगे. बाळाची नाळ त्यात ठेवून वर दगड ठेवला की बाळाला दीर्घायुष्य. (नाळेचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको.) 1819 मध्ये लिहोलिहो राजा बायकांच्या पंगतीला जेवला, ‘कापू’चं सोवळंओवळं मोडलं, देवळं पाडली गेली; पुढच्याच वर्षी मिशनरी उतरले. या खळग्यांत त्याचा मागमूस नाही. 1914 मध्ये अभ्यासक मार्था बेकविथ तिथे गेली, तेव्हाही लोक नाळेची रीत सांगत होते. काय बदललं नाही ते बघायचं असेल, तर पुउलोआ.

रापा नुईला सँटियागोहून विमानाने पाचेक तास, वर स्थानिक गाइड हवाच. पुउलोआला गाडीरस्त्यापासून किलोमीटरभर उघड्या लाव्ह्यावरून चाल, सावली नाही. भर दुपारी दोन्हीकडे कोरीव रेषा सपाट दिसतात. उन्हं तिरपी असताना जा.