महिन्याला १८ युरो ३६ सेंट: जर्मन सार्वजनिक रेडिओ-टीव्ही, सव्वा वर्ष वापरल्यानंतर

जूनमध्ये पत्र आलं. अकरा महिन्यांची थकबाकी, २०१ युरो ९६ सेंट. आधीची दोन पत्रं मी जाहिरात समजून बाजूला टाकली होती. ती होती रुंडफुंकबायट्रागची, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या शुल्काची. जर्मनीत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. घरटी महिन्याला १८ युरो ३६ सेंट, घरात टीव्ही असो वा नसो. एआरडी, झेडडीएफ या टीव्ही वाहिन्या आणि डॉइचलांडफुंक हा रेडिओ त्यावर चालतात. माझ्याकडे टीव्ही नाही. ड्रेस्डेनला आल्या आल्या एका जुन्याजाणत्या भारतीय सहकाऱ्यानं सांगितलं होतं, "टीव्ही नसेल तर भरायचं नाही." हा नियम २०१३ च्या आधीचा. तेव्हा पैसे उपकरणावर लागायचे, आता घरावर लागतात. नवीन येणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा: पत्ता नोंदवला की त्या महिन्यापासून पैसे बाजूला काढायला लागा. सगळे एकदम भरताना जीव जातो.

मी काटकसर करणारा माणूस आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. घरटी शुल्क ही पद्धत मला आजही अन्यायाची वाटते. माझा मित्र चौघांत राहतो, त्याच्या वाट्याला ४ युरो ५९ सेंट येतात. मी एकटा राहतो, तर सगळे माझ्याच डोक्यावर. घटनात्मक न्यायालयानं २०१८ मध्ये ही पद्धत वैध ठरवली, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत रेडिओच्या परवान्याची पुस्तिका आहे, पोस्टाच्या शिक्क्यांसकट. ऐंशीच्या दशकात आपल्याकडचं ते शुल्क गेलं. इतक्या वर्षांनी नातवानं दुसऱ्या देशात तेच भरावं, याचा मला त्या रात्री फार राग आला.

रागातच हिशेब मांडायला बसलो. या अकरा महिन्यांत मी यातलं नक्की काय वापरलं? काहीच नाही, असं सिद्ध करून हरकतीचं पत्र लिहायचं होतं. पण पहिल्याच ओळीला ११ सप्टेंबर २०२४ ही तारीख आठवली आणि पेन थांबलं.

त्या पहाटे तीनच्या सुमारास इथला कारोला पूल एल्बे नदीत कोसळला. सुमारे शंभर मीटरचा, ट्रामचे रूळ असलेला भाग. शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच पलीकडे गेली होती, म्हणून कुणाला इजा झाली नाही. माझी कामावर जायची सात नंबरची ट्राम त्याच पुलावरून जायची. पुलाबरोबर गरम पाण्याच्या नळवाहिन्याही फुटल्या आणि शहरातल्या घरांचं गरम पाणी गेलं. मला येऊन दोन महिने झाले होते, जर्मन कामचलाऊ होतं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सातच्या आत तीन कारणं तयार होती. घातपात, भूकंप, आणि तिसरं लिहिण्याच्या लायकीचं नाही. मी सेकंडहँड घेतलेला छोटा डिजिटल रेडिओ लावला, एमडीआर झाक्सन हे इथलं प्रादेशिक सार्वजनिक केंद्र. निवेदिका सांगत होती: काय पडलं, कुठल्या ट्राम बंद, गरम पाणी कुठे नाही, नदीकाठी का जाऊ नका. आणि मग, "कारण अजून माहीत नाही." दर अर्ध्या तासानं तेच वाक्य, त्याच आवाजात. दुपारपर्यंत कुणी अंदाजसुद्धा केला नाही. खरं कारण कित्येक महिन्यांनी तज्ज्ञांच्या अहवालातून आलं. १९७१ च्या त्या पुलात बांधकामाच्या वेळीच ओलावा शिरला होता आणि आतलं ताणलेलं पोलाद गंजून तडकत गेलं होतं. तोवर ते "माहीत नाही" टिकून होतं. मी ज्या बातम्यांवर वाढलो, त्यात "माहीत नाही" हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

हरकतीचं पत्र मी लिहिलं नाही. अकरा महिने मी हे सगळं फुकट ऐकत होतो, ही खरी गोष्ट होती. पैसे भरले. आता तिमाहीला ५५ युरो ८ सेंट जातात, म्हणजे दिवसाला साधारण ६० सेंट.

आता वापराबद्दल. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी डॉइचलांडफुंकवर प्रेसेशाउ लागतं. पुण्याच्या घरात याच वेळेला आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या, त्यामुळे कान आपोआप तयार असतात. प्रेसेशाउमध्ये देशभरातल्या वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतले उतारे एकामागून एक वाचून दाखवतात. मोठ्या शहरांतली पत्रं असतात तशी कुठल्या तरी लहान गावातलीही असतात. एकाच विषयावर एक पत्र सरकारला झोडपतं, लगेच दुसरं त्याच निर्णयाचं स्वागत करतं, आणि वाचणारा आवाज दोन्हीकडे सारखाच राहतो. या देशाचं राजकारण मला कोणी समजावलं असेल, तर या काही मिनिटांनी. जर्मन शिकणाऱ्यांना मी क्लासच्या पुस्तकाआधी हेच सुचवीन. फार जड गेलं तर २०२४ पासून टागेसशाउची, म्हणजे एआरडीच्या टीव्ही बातम्यांची, सोप्या भाषेतली आवृत्ती आहे, डॉइच वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्याही आहेत.

रात्री आठचं टागेसशाउ फोनवर बघतो. १९५२ पासून चालू आहे आणि पंधरा मिनिटांत संपतं. ते संपतं, हेच मला त्यात सर्वांत आवडतं. निवेदकाच्या हातात कागद असतात. चर्चेच्या चौकटी नाहीत, धावत्या लाल पट्ट्या नाहीत. सुरुवातीला मला हे कोरडं वाटायचं. मे २०२५ मध्ये मत बदललं. ६ मे रोजी फ्रीडरिष मेर्त्स चान्सेलर होणार हे ठरल्यात जमा होतं. संसदेत ३१६ मतं हवी होती, पहिल्या फेरीत ३१० पडली. संघीय प्रजासत्ताकाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. ऑफिसच्या कँटीनमध्ये सगळे फोनवर थेट प्रक्षेपण बघत होते. निवेदक घटनेचं कलम ६३ काढून पुढे काय काय होऊ शकतं हे शांतपणे सांगत होता. दुपारी दुसऱ्या फेरीत ३२५ मतं मिळाली. संध्याकाळच्या पंधरा मिनिटांत हा सगळा दिवस मावला आणि काही राहिलं असं वाटलं नाही. आईचा फोन आला, "तुमच्याकडे सरकार पडलं म्हणे?" तिच्याकडच्या वाहिनीनं ते पाडून टाकलं होतं.

ड्रेस्डेनमध्ये या बातम्यांवर विश्वास नसलेली माणसं भरपूर आहेत आणि ती माझ्या आजूबाजूलाच राहतात. २०१४ पासून पेगिडा या इस्लाम आणि स्थलांतरविरोधी चळवळीचे मोर्चे याच शहरात निघायचे, आणि "ल्यूगनप्रेसे", म्हणजे खोटारडी वर्तमानपत्रं, ही त्यांची घोषणा. ऑक्टोबर २०२४ मधला शेवटचा मोर्चा मी लांबून पाहिला. त्याआधी १ सप्टेंबरला झाक्सन राज्याच्या निवडणुकीत एएफडी या कडव्या उजव्या, स्थलांतरविरोधी पक्षाला ३०.६ टक्के मतं मिळाली होती, मेर्त्स यांच्या सीडीयूला ३१.९. माझ्या मजल्यावरच्या आजींनी मला यामागचा एक धागा दाखवला. पूर्व जर्मनीच्या काळात ड्रेस्डेन खोलगट भागात असल्यामुळे इथे पश्चिमेकडचा टीव्ही दिसायचा नाही. लोक या भागाला "अजाणांचं खोरं" म्हणायचे, आणि एआरडी या अक्षरांचा अर्थ "ड्रेस्डेन परिसर सोडून" असा लावायचे. रेडिओ मात्र लागायचा. आजी रात्री आवाज बारीक करून डॉइचलांडफुंक ऐकायच्या. आज त्याच आजी म्हणतात, "तेव्हा जे चोरून ऐकायचो त्याचे आता सक्तीनं पैसे घेतात, म्हणून लोक चिडतात." त्या स्वतः शुल्क भरतात आणि ऐकतातही.

एएफडीच्या नेत्यांना इतरांइतकाच वेळ देतात, याचा मला आधी त्रास व्हायचा. माझ्यासारख्यांना परत पाठवण्याबद्दल कोणी स्टुडिओत बसून बोलतंय आणि निवेदक त्याला "हेर", म्हणजे जर्मनमधलं "श्रीयुत", म्हणून आदरानं प्रश्न विचारतोय, हे पाहवत नसे. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीपर्यंत माझं मत थोडं सरकलं. सभेत टाळ्या घेणारी वाक्यं तिसऱ्या नेमक्या प्रश्नाला अडखळताना मी पाहिली. त्रास अजून होतो, पण मी चॅनेल बदलत नाही. मला मताधिकार नाही, तरी वाल-ओ-माट या, आपली मतं कुठल्या पक्षाशी जुळतात हे दाखवणाऱ्या ऑनलाइन प्रश्नावलीची सगळी ३८ विधानं मी भरली आणि मतमोजणीच्या रात्री सारा वागेनक्नेश्टच्या पक्षाचे ४.९७ टक्के, संसदेत जायला लागतात ते पाच होतात का हे बघत जागा राहिलो.

मला खरी तक्रार करायची आहे ती पुढे आहे. बातम्यांत आम्ही दोन नावांनी येतो. अर्थविभागात "फाखक्राफ्ट", कुशल कामगार, ज्यांची देशाला टंचाई आहे. राजकारणाच्या विभागात "मिग्रांट", ज्यांची संख्या कमी करायची आहे. सकाळच्या बातमीतला मी हवा असतो आणि रात्रीच्या चर्चेतला मी नको असतो. स्थलांतरावरच्या तासाभराच्या एका चर्चेत मी पाच पाहुणे मोजले. पाचांतलं एकही बाहेरून आलेलं नव्हतं.

आणि बाहेरचं माणूस बोलायला लागलं की त्याचा आवाज बुजवतात. तुम्ही म्हणाल, हे काय घेऊन बसला. पण सव्वा वर्षात मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट हीच आहे. जर्मन टीव्हीवर परभाषेतला माणूस दोन-तीन सेकंद स्वतःच्या आवाजात ऐकू येतो आणि मग त्याच्यावर जर्मन आवाज येऊन बसतो. रेडिओवाले मूळ आवाजाला "ओ-टोन" म्हणतात. नेदरलँड्समध्ये, स्वीडनमध्ये खाली अक्षरं लिहितात आणि माणसाला बोलू देतात.

ऑगस्टमध्ये एका वाहिनीवर, नाव घेत नाही, मराठवाड्यातल्या पाण्यावर बातमीपट होता. आई व्हिडिओ कॉलवर होती, मी फोन लॅपटॉपसमोर धरला. तिला वाटलं, लेकाच्या देशातल्या टीव्हीवर आपलं माणूस दिसणार. डोक्यावर पदर, हातात घागर, बीडकडची बाई. ती म्हणाली, "आवं, टँकर येतुया तवा…" आणि जर्मन बाईचा स्वच्छ, शिकलेला आवाज तिच्यावर येऊन बसला. मागे तिचे ओठ हलत होते, हात चालत होते.

आईनं विचारलं, "पुढं काय म्हणाली रे ती?"

मी जर्मन ऐकून आईला मराठीत सांगितलं: टँकर अनियमितपणे येतो आणि त्यामुळे कुटुंबाचं नियोजन कोलमडतं. आई गप्प झाली. मग म्हणाली, "असं नसेल ती म्हणाली." बरोबर होतं तिचं. बीडची कुठली बाई हंड्यापाशी उभी राहून नियोजन कोलमडतं म्हणेल? आमच्याच भाषेतलं वाक्य जर्मनमधून फिरून आमच्या घरी आलं होतं, आणि येताना त्यातली बाई वाटेत राहिली होती.

अपवाद सांगायला हवा. आर्टे हे फ्रेंच-जर्मन चॅनेल याच शुल्कात येतं. तिथे ऑनलाइन मूळ आवाज आणि खाली अक्षरं असं बरंच काही सापडतं, अनेक भाषांत. माहितीपट बघायचे तर मी आता तिथेच बघतो. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. रोजच्या बातम्यांत माणूस वीस सेकंद बोलतो. तेवढी वीस सेकंदं अक्षरं वाचायला कुणाला जड जाऊ नयेत.

दुसरा दोष याला जोडून येतो. मेडियाटेकमध्ये, म्हणजे वाहिन्यांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रत्येक कार्यक्रमाखाली एक तारीख असते: उपलब्ध अमुक दिवसापर्यंत. पूर्वी बऱ्याच कार्यक्रमांना सातच दिवस मिळायचे, खाजगी माध्यमांशी स्पर्धा नको म्हणून. २०१९ मध्ये नियम सैल झाला, पण तारखा राहिल्या. लोकांनी पैसे भरून केलेली गोष्ट लोकांपुढून काढून घेण्यासाठी जर्मनमध्ये स्वतंत्र शब्दच आहे, "डेपुब्लिझीरन". मुदत अशी मोजूनमापून का द्यायची, हे मला कुणीही पटवून दिलेलं नाही.

१ जानेवारी २०२५ पासून शुल्क १८ युरो ९४ सेंट करा अशी स्वतंत्र आयोगाची शिफारस होती, राज्यांनी ती अमलात आणली नाही. माझं विचाराल तर ते वरचे ५८ सेंट मी देईन, ते मूळ आवाज मोकळा ठेवण्यावर खर्च होणार असतील तर. त्या वाहिनीला मी तसं लिहिलं, माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, दोन पानं. संपूर्ण मूळ ध्वनिमुद्रण ऐकायला मिळेल का, असंही विचारलं. सूचनेबद्दल आभाराचं उत्तर आलं. ध्वनिमुद्रणाबद्दल त्यात काही नव्हतं.

त्यानंतर मी इयरफोन लावून तो तुकडा कितीदा तरी ऐकला. जर्मन बाई श्वास घेते त्या फटींतून खालचं थोडं थोडं येतं. "पोरी" असं एकदा आहे. "साळा" आहे, बहुतेक "साळंला जाती न्हाई". शेवटी ती हसते, आणि हसताना "ताई" म्हणते. कॅमेऱ्यामागे कुणीतरी मराठी बाई उभी असणार, तिलाच. मधला भाग लागत नव्हता. रविवारी आईला दाखवून दोघं मिळून लावू म्हणून ठेवला. शनिवारी मुदत संपली.