दिवाळीच्या भेटीसाठी सोया मेणबत्त्यांचा संच: मेण छान, सुगंध अपुरा

भाऊबीजेला हाताने केलेलं काही द्यायचं असेल, तर हा अर्ध्या किलोचा सोया मेणाचा संच घेण्यासारखा आहे. सोबत १०० मिलीच्या सहा डब्या, वाती आणि सुगंधी तेलाची बाटली येते.

मेण खरोखर चांगलं आहे, पांढरंशुभ्र आणि बिनवासाचं. पातेल्यातल्या गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा, थेट आचेवर नको. ७०-७५ अंशांवर सुगंध घालून दोन मिनिटं हलक्या हाताने ढवळा आणि ५५-६० अंशांवर ओता. पंखा बंदच हवा. नाहीतर वरचा थर भराभर आळतो आणि वातीभोवती खड्डा पडतो. तो बुजवायला थोडं मेण राखून ठेवा.

खरी उणीव सुगंधाची. सहा टक्के धरले तरी अर्ध्या किलोला ३० ग्रॅम लागतात, बाटलीत जेमतेम १० मिली! मोगरा किंवा चंदन वेगळं आणा, पण मेणबत्तीसाठीचंच. वातीही बारीक आहेत. मेण मधोमध विहिरीसारखं जळत जातं, कडेचं तसंच उरतं. एका नंबरने जाड वात घ्या.

डब्यांऐवजी पणत्या वापरायचा मोह होतो. कोरी माती मेण शोषते आणि टेबलक्लॉथवर तेलकट वर्तुळ उमटतं. आतून झिलई केलेलीच पणती निवडा.

सुगंध मुरायला दोन आठवडे लागतात, त्यामुळे दसऱ्यालाच ओतायला घ्या. वसुबारसेच्या आदल्या दिवशी संच मागवून उपयोग नाही.