टियागो सीएनजी, आणि हा टियागो नेमका कोण?

बडोद्यात छोटी सीएनजी गाडी बघायला निघालं की डिकी किती उरते हे सगळेच विचारतात. ‘टियागो’चा अर्थ मात्र शोरूममध्ये कुणी सांगत नाही, म्हणून आधी तेच.

2016 साली ही गाडी ‘झिका’ नावानं येणार होती; ‘झिपी कार’चं ते लघुरूप. तेवढ्यात ब्राझीलमध्ये झिका विषाणूची साथ भडकली, 1 फेब्रुवारीला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी जाहीर केली आणि टाटांनी नाव मागे घेतलं. (तिकडच्या बोलीत झिका म्हणजे पनवती, तेव्हा सुटले म्हणायचे.) एप्रिलमध्ये गाडी टियागो होऊन बाजारात आली. गंमत अशी की हे नाव त्याच ब्राझीलमध्ये गल्लोगल्ली सापडतं.

मूळ नाव हिब्रू, याकोव्ह. लॅटिनमध्ये त्याचं याकोबुस झालं आणि स्पेन-पोर्तुगालकडे झिजत झिजत इयागो. संत याकोब म्हणजे सांत इयागो, जोडून सांतियागो. पुढे हा जोड लोकांनी भलत्याच जागी तोडला, ‘सांत’मधला त नावाला चिकटला आणि तियागो तयार झाला. म्हणजे आपला याकूब, इंग्रजांचा जेम्स आणि हा तियागो एकाच मुळाचे. मराठी बायबलातलं याकोबाचं पत्र पोर्तुगीजमध्ये तियागोचं आहे. इस्राएली लोकांचा मूळपुरुष याकोब मात्र तिथेही वेगळ्या, जुन्या रूपात राहिला.

अर्थ? याकोब जुळ्या भावाची टाच धरून जन्मला, म्हणून ‘टाच धरणारा’, असं बायबल सांगतं. ‘देव रक्षण करो’ अशा अर्थाच्या जुन्या नावाकडेही अभ्यासक बोट दाखवतात. बडोद्याच्या जुन्या शहरात, मांडवीच्या गर्दीत पहिला अर्थ जास्त लागू पडतो. उच्चारातला ट आपला. लिस्बनमध्ये त, रिओकडे च, आणि शेवटचा ओ दोन्हीकडे ऊकडे झुकतो. रोमन लिपीत काही जण मध्ये एच घालतात, तो नुसता शोभेचा.

आता गाडी. इंजिन 1199 सीसी, तीन सिलिंडरचं, त्यामुळे सिग्नलला उभं असताना थरथर जाणवणारच. पेट्रोलवर 86 पीएस ताकद मिळते, गॅसवर 73च्या आसपास. टॉर्कही, म्हणजे ओढण्याचा जोर, 113 वरून 95 न्यूटन मीटरवर येतो. चार माणसं, एसी चालू आणि पुलाचा चढ असेल तर गिअर खाली घ्यावाच लागतो.

2022 च्या पहिल्या सीएनजी मॉडेलमध्ये गॅसचा 60 लिटरचा एकच सिलिंडर डिकी गिळून बसला होता. 2023 पासून 30-30 लिटरचे दोन सिलिंडर डिकीच्या तळाखाली गेले, त्यामुळे वर बॅगा बसतात. घ्यायची तर हीच घ्या. गाडी थेट गॅसवर सुरू होते. गॅसचं झाकण उघडं असेल तर सुरूच होत नाही; पंपावरून निघताना गाडी हटून बसली तर मेकॅनिकला फोन लावण्याआधी झाकण नीट बसलंय का ते बघा.

गॅस सकाळी थंड वेळेला भरावा. उन्हात दाब लवकर चढतो आणि गॅस वजनात कमी बसतो. जुनी गाडी घेत असाल तर सिलिंडरच्या पाटीवरची चाचणीची तारीख वाचा. ही चाचणी दर 3 वर्षांनी करावी लागते, आणि मुदत संपलेली असेल तर पंपवाला गॅस भरायला नकार देऊ शकतो.