नवी पेठेत घेतलेले १९२ पृष्ठांचे शिलाईचे रजिस्टर : तीन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

ज्या वस्तूविषयी हा अभिप्राय आहे, ती स्टेशनरीच्या दुकानात सहसा मागच्या फळीवर असते आणि मागितल्याशिवाय कोणी काढून दाखवत नाही. फुलस्केप आकाराचे, दोन क्वायरचे (म्हणजे १९२ पृष्ठांचे), कडक पुठ्ठ्याचे, पाठीला लाल कापड लावलेले आणि प्रत्येक पृष्ठावर छापील क्रमांक असलेले हे रजिस्टर मी सोलापुरात नवी पेठेतल्या एका जुन्या दुकानातून १४० रुपयांना घेतले. तीन वर्षांत अशी तीन रजिस्टरे भरली असून आता चौथे चालू आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात मी सूत रंगवण्याच्या विभागाची जबाबदारी सांभाळते. वरिष्ठांचे तोंडी हुकूम दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरे असतात अशा ठिकाणी आपले काम आणि आपले नाव राखण्यासाठी हे रजिस्टर कितपत उपयोगी पडते, एवढ्याच कसोटीवर मी ते तपासले आहे.

पूर्वी माझी समजूत अशी होती की हातात कसब असले की बाकीचे आपोआप मार्गी लागते. इचलकरंजीहून वस्त्र रसायनशास्त्राची पदवी घेऊन आले तेव्हा शेड (रंगाची छटा) पहिल्या फेरीत जुळवून देणारी म्हणून मला मान मिळाला, आणि पहिल्या व्यवस्थापकांच्या हाताखाली सात वर्षे कधी कशाची नोंद ठेवण्याची गरज भासली नाही. ते गेले, नवे साहेब बाहेरून आले आणि वर्षभरात चित्र पालटले. आम्ही तीन महिने चाचण्या घेऊन रंगाईत लागणाऱ्या मिठाचे प्रमाण कमी केले होते. मालकांसमोरच्या सादरीकरणात ती बचत साहेबांनी स्वतःची म्हणून मांडली. त्याच महिन्यात रद्द झालेल्या एका लॉटचा दोष मात्र विभागाच्या, म्हणजे माझ्या नावावर गेला. दोन्ही वेळा माझ्याकडे सांगायला पुष्कळ होते आणि दाखवायला काहीही नव्हते. त्या आठवड्यात मी हे रजिस्टर विकत घेतले.

आधी वस्तूबद्दल. बांधणी दोऱ्याच्या शिलाईची आहे आणि आमच्यासारख्या ठिकाणी हा गुण सर्वांत मोठा आहे, कारण रंगाईच्या विभागात दिवसभर वाफ असते आणि डिंकाने चिकटवलेल्या वह्या तिथे दोन-तीन महिन्यांत पाने सोडू लागतात. या रजिस्टरचे एकही पान तीन वर्षांत निघालेले नाही. कागद पातळ आहे. शाईच्या पेनाने लिहिले तर अक्षर पाठीमागे उमटते, ओला अंगठा लागला की फिसकटते, आणि सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत हात कोरडा राहतच नाही. त्यामुळे बॉलपेनशिवाय गत्यंतर नाही. पुठ्ठ्याचे कोपरे सहा महिन्यांत फुगतात. आकार मोठा असल्यामुळे ते पर्समध्ये मावत नाही आणि हातात घेऊन फिरले तर सगळ्यांच्या नजरेत भरते. हा शेवटचा मुद्दा मी सुरुवातीला दोष म्हणून मोजला होता. आता तो गुणांच्या रकान्यात आहे, त्याचे कारण पुढे येईल.

पहिले रजिस्टर मी चुकीच्या पद्धतीने वापरले, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्यात मी राग लिहिला. 'आज पुन्हा अपमान केला', 'मुद्दाम त्रास देतात', 'यांना रंगाईतले काही कळत नाही' अशा वाक्यांनी साठेक पृष्ठे भरली आणि त्यांतले एकही वाक्य पुढे कधी उपयोगी पडले नाही. उलट घरी जाऊन ती पाने वाचली की झोप उडायची. एका रविवारी वडिलांनी ते रजिस्टर चाळले. वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे होते. गिरणी बंद पडली तेव्हा ज्यांनी हजेरीची कार्डे आणि पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या, त्यांचे येणे किती आणि ज्यांनी ठेवल्या नव्हत्या त्यांचे किती, हा फरक त्यांनी जवळून पाहिला आहे. ते एवढेच म्हणाले, "बाळ, यात तारीख आहे, वेळ नाही. कोण हजर होतं तेही नाही. तुला काय वाटलं ते आहे. ते तुझं तुझ्यापाशी राहू दे." दुसऱ्या दिवसापासून मी पृष्ठावर पाच रकाने आखले: वेळ, लॉट क्रमांक, सूचना काय आणि कोणाची, मी काय उत्तर दिले, हजर कोण. विशेषणे बंद केली. साहेब ओरडले असतील तर 'ओरडले' असेही लिहीत नाही, त्यांनी उच्चारलेले शब्द अवतरणात लिहिते.

या रकान्यांचा कस लागला तो गेल्या वर्षीच्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरलेली असताना. पांढऱ्या काठाच्या मरून टॉवेलांची निर्यातीची मागणी होती आणि कंटेनर न्हावा-शेवा बंदरात पोहोचण्याची तारीख तोंडावर आली होती. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. रिॲक्टिव्ह रंग सुती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो, परंतु भांड्यातला सगळाच रंग जोडला जात नाही. त्यातला काही पाण्याशीच अभिक्रिया होऊन निकामी होतो आणि धाग्यावर नुसता बसून राहतो. हा बसलेला रंग काढण्यासाठी ९० ते ९५ अंशांच्या पाण्यात सोपिंग (साबण घालून धुणे) करावे लागते, आणि मरूनसारख्या गडद शेडला आम्ही ते दोनदा करतो. एक सोपिंग वगळले तर वेळ वाचतो, कोन (सुताची गुंडाळी) दिसायलाही चांगले दिसतात, आणि टॉवेल विणून धुतल्यावर पांढरा काठ गुलाबी होतो. त्या दिवशीची नोंद जशी आहे तशी देते; तीत वाइंडिंग म्हणजे सूत पुन्हा गुंडाळणे आणि फास्टनेस म्हणजे धुतल्यावर रंगाचा पक्केपणा:

"सकाळी १०.४०. मरून, लॉट चालू. सूचना (तोंडी, साहेब): सोपिंग एकच करा, दुपारी कोन वाइंडिंगला पाहिजेत. मी: काठाला डाग येईल, फास्टनेस उतरेल. उत्तर: 'ते माझ्यावर सोडा.' हजर: मशीनवरचे अण्णा, शिफ्ट सुपरवायझर."

तीच नोंद समोर ठेवून मी संध्याकाळी साडेपाचला साहेबांना तीन ओळींचा मेल पाठवला: सकाळच्या बोलण्यानुसार अमुक लॉटला एकच सोपिंग केले आहे, गडद शेड असल्याने विणण्यापूर्वी वॉश फास्टनेस तपासून घ्यावा असे वाटते, काही बदल असल्यास कळवावे. त्यात तक्रारीचा एक शब्दही नव्हता. त्याला उत्तर आले नाही.

तीन आठवड्यांनी पाठवणीपूर्वीच्या तपासणीत तो माल अडकला. पांढऱ्या कापडावर रंग किती उतरतो हे ग्रे स्केलवर पाहतात. त्यात ५ म्हणजे अजिबात डाग नाही आणि १ म्हणजे सर्वांत वाईट. आमचा आकडा अडीचच्या आसपास आला. बैठकीत साहेब म्हणाले की रंगाई विभागाने सोपिंगमध्ये कसूर केली. माझ्या हातात रजिस्टर होते आणि ते टेबलावर आपटण्याची इच्छा त्या क्षणी फार मोठी होती, हे कबूल करते. मी तसे केले नाही. एवढेच म्हणाले, "सर, त्या दिवशी सकाळी १०.४० ला एकाच सोपिंगची सूचना होती, आणि त्याच संध्याकाळी मी त्याबद्दल मेल केला आहे. तो मेल सगळ्यांना पुन्हा पाठवू का?" मालकांनी पाठवायला सांगितले. मग चर्चा दोष कोणाचा यावरून माल कसा वाचवायचा यावर आली, टॉवेल पुन्हा धुऊन घेतले गेले आणि माझी वेतनवाढ थांबली नाही. साहेब पुढचे चार महिने माझ्याशी कामापुरतेच बोलत होते. पण त्यानंतर प्रक्रियेत बदल करायचा असेल तर ते सहीची चिठ्ठी पाठवू लागले, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांच्यावरही बंदराच्या तारखेचा दबाव होता, हे मला तेव्हाही कळत होते आणि आजही कळते.

आता आकाराचा मुद्दा. मोठे, लाल पाठीचे रजिस्टर उघडून समोरच्यादेखत लिहिले जाते तेव्हा ते हेरगिरी वाटत नाही, कामाची वही वाटते. मी प्रत्येक सूचना लिहून झाली की वाचून दाखवते आणि विचारते, "सर, असंच ना?" निम्म्या वेळा सूचना तिथल्या तिथे बदलते. अण्णांचे मराठी तेलुगू वळणाचे, पण शिफ्ट बदलताना तेच मला आठवण करून देतात: "मॅडम, वहीत चढवलं का?" लपवून लिहिण्याच्या छोट्या डायरीने हे कधीच साधले नसते.

मोबाइलवर नोंद का ठेवत नाही, असे पुष्कळ जण विचारतात. व्हॉट्सॲपवरचा संदेश पाठवणारा नंतर सर्वांसाठी काढून टाकू शकतो, फोन बदलला की जुने सापडत नाही, आणि वरिष्ठ बोलत असताना मान खाली घालून मोबाइलवर टाइप करणे आपल्याकडे उद्धटपणाचे दिसते. लपवून आवाज ध्वनिमुद्रित करण्याच्या वाटेला मी गेले नाही आणि कोणाला तसा सल्लाही देणार नाही, कारण एकदा ते उघड झाले की त्या विभागात तुमच्यासमोर कोणी मोकळेपणाने तोंड उघडत नाही.

कायद्याच्या बाजूने थोडेसे. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय पदावरची व्यक्ती औद्योगिक कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे वडिलांच्या पाठीशी युनियन आणि कामगार न्यायालय जसे होते तसे माझ्यासारख्यांच्या पाठीशी असेल असे गृहीत धरता येत नाही. साक्षीदाराला घटनेच्या वेळी स्वतः केलेली लेखी नोंद पाहून स्मरण ताजे करण्याची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे; मात्र नोंद त्या वेळची हवी, महिन्याने आठवून लिहिलेली नव्हे. महिला सहकाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार समितीकडे लेखी तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी लागते, तेव्हा तारखा लिहिलेल्या असणे तिथे फार महत्त्वाचे ठरते.

मर्यादाही आहेत आणि त्या लहान नाहीत. श्रेय लाटण्यावर हे रजिस्टर फारसे चालत नाही. पुढच्या चाचण्यांच्या तारखा आणि निकाल मी व्यवस्थित लिहिले, तरी सादरीकरण कोण करणार हे रजिस्टर ठरवत नाही. त्यासाठी मला चाचणीचा एक पानी अहवाल स्वतःच्या नावाने आणि मालकांना प्रत ठेवून आधीच पाठवण्याची सवय लावून घ्यावी लागली. ज्या कारखान्यात मालकालाच खरे काय ते पाहायचे नाही, तिथे कितीही नीट ठेवलेली नोंद कोणी उघडणार नाही, आणि तिथे वेळ दुसरीकडच्या नोकरीचे अर्ज लिहिण्यात घालवावा असे माझे प्रामाणिक मत आहे. रंगाची रेसिपी, ग्राहकाचे नाव, दर असे काहीही मी यात लिहीत नाही, फक्त लॉट क्रमांक लिहिते. कंपनीची गोपनीय माहिती खासगी वहीत सापडली तर चूक आपली ठरते आणि सगळी बाजू एका क्षणात उलटते. खाडाखोड करायची झाल्यास एकच रेघ मारून शेजारी सही करते. व्हाइटनर कधीही लावत नाही.

कागदाच्या पातळपणासाठी एक गुण कापून मी या रजिस्टरला पाचपैकी चार देते. शाळेच्या लांब वह्या निम्म्या किमतीत येतात, पण त्यांना छापील क्रमांक नसतात आणि मधले पान फाडले तर कळत नाही, म्हणून या कामासाठी त्या घेऊ नयेत. घेताना दुकानातच उभे राहून शिलाई पाहावी आणि क्रमांक १ पासून १९२ पर्यंत अंगठ्याने सोडत तपासावेत. गेल्या महिन्यात मला दाखवलेल्या एका प्रतीत ९६ नंतर एकदम ११३ क्रमांक होता, बांधताना सोळा पृष्ठांचा एक फर्मा गळाला होता. दुकानदारांनी काही न बोलता दुसरी प्रत काढून दिली. ती पहिली प्रत तशीच घरी आली असती, तर मधली सोळा पृष्ठे मी फाडलेली नाहीत हे भर बैठकीत मला कोणालाही पटवून देता आले नसते.