अखेरच्या पाच मिनिटांची शिकवणी : म्हापशातील हॉकी शिबिराविषयी

महाविद्यालयीन संघांसाठी म्हापशातील एक निवृत्त प्रशिक्षक जे शनिवार-रविवारचे हॉकी शिबिर घेतात, त्याला मी आमच्या संघाचा व्यवस्थापक म्हणून पूर्ण उपस्थित होतो. आमची बहुतेक मुले पहिल्या-दुसऱ्या वर्षाची आहेत. ती धावण्यात कोणाला हार जात नाहीत, परंतु गेल्या हंगामात बरेच सामने एका गोलाने, आणि तेही चौथ्या म्हणजे अखेरच्या क्वार्टरमध्ये, हातचे गेले. शिबिराचा भर नेमका याच दुखण्यावर आहे.

येथे सरावाचा सामना कधीच शून्य-शून्यवरून सुरू होत नाही. फलकावर आधीच २-१ लिहिलेले असते, घड्याळात पाच मिनिटे उरलेली असतात आणि आघाडीवरील संघाचा एक खेळाडू पिवळे कार्ड मिळाल्याप्रमाणे बाहेर बसवलेला असतो. पिवळ्या कार्डाची शिक्षा किमान पाच मिनिटांची असल्याने उरलेला सर्व वेळ दहा जणांनीच निभवायचा असतो. अशा वेळी चेंडू मिळताच समोर भिरकावून देण्याची आमच्या मुलांची सवय पहिल्याच डावात उघडी पडली, कारण तो चेंडू काही क्षणांतच पुन्हा आपल्या गोलसमोरच्या वर्तुळाशी येत होता. चेंडू बाजूच्या रेषेलगत न्यावा, तेथे फ्री हिट किंवा साइडलाइनचा हिट मिळवावा आणि मधल्या फळीला जागेवर यायला उसंत द्यावी, हे प्रशिक्षकांनी प्रत्येक डाव मध्येच थांबवून दाखवले. पुढल्या डावात बाजू बदलत: पिछाडीवरील संघाने गोलरक्षक काढून अकरावा मैदानी खेळाडू केव्हा उतरवायचा, याचा निर्णय कर्णधारानेच घ्यायचा, बाकावरून कोणीही ओरडायचे नाही. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटला. शिक्षकांना मात्र गप्प बसणे जड जाते!

वेळ संपल्यावरही पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल प्रतिस्पर्ध्याला गोलरेषेवरून मिळणारी गोलची संधी) पूर्ण होईपर्यंत खेळ चालतो, हा नियम पाठ असलेल्या मुलांनाही त्याचा अर्थ येथेच उमगला. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध ५-४ अशा आघाडीवर असताना भारताला अखेरच्या क्षणी असाच पेनल्टी कॉर्नर अडवावा लागला होता. त्याचे चित्रीकरण दाखवताना प्रशिक्षकांनी भारताचा गोलरक्षक श्रीजेशच्या बचावाइतकाच वेळ, तो कॉर्नर मुळात का द्यावा लागला, यावर खर्च केला, हे मला विशेष आवडले.

शूटआउटचा, म्हणजे बरोबरीनंतर एकेका आक्रमकाने एकट्या गोलरक्षकाला सामोरे जाण्याचा, सराव मात्र घाईत उरकला. आठ सेकंदांत गोलरक्षकाला कसे चकवावे हे आक्रमकांना सांगितले गेले. गोलरक्षकांना स्वतंत्र मार्गदर्शक नव्हता, आणि जिथे बरोबरीचे सामने त्यावरच सुटतात तिथे ही उणीव लहान नाही. आमच्या सामन्यांची चित्रफीतही आश्वासन दिलेल्या दिवसानंतर बऱ्याच उशिरा हाती आली.

शुल्क संघाकडून एकत्र घेतले जाते, त्यामुळे पूर्ण सोळा-अठरा जण नेले तरच ते परवडते. ज्या संघाची मुले चौथ्या क्वार्टरपर्यंत धापा टाकतात, त्यांनी आधी दमसास वाढवावा. येथे तंदुरुस्ती शिकवली जात नाही. तयार संघाने मात्र आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधीची तारीख मागून घ्यावी, आणि गोलरक्षकाच्या सरावाची सोय करणार का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे.