ग्लास सिंधूच्या हातात आला तर : 'आय विल क्राय टुमॉरो' (१९५५)

दारू म्हटलं की आपल्या मराठी माणसाला पहिल्यांदा 'एकच प्याला'च आठवतो, सुधाकर पितो आणि सिंधू सोसते. गडकऱ्यांचं ते नाटक १९१९ ला गंधर्व मंडळीनं स्टेजवर आणलं, तेव्हापासून डोक्यात हेच बसलंय की पिणार तो नवरा आणि डोळ्याला पदर लावणार ती बायको. आता बाईच पीत असली तर काय म्हणायचं? आमच्या घरात वर्षानुवर्षं "काकूला बरं नाही" एवढंच म्हणत होते. पाहुणे आले तरी तेच, लग्नाला नाही आली तरी तेच.

म्हणून हा पिक्चर हुडकून डीव्हीडी मागवली आणि गेल्या आठवड्यात काकूबरोबर बसून बघितला. तिला दारू सोडून आता बरीच वर्षं झालीत, तिला विचारूनच लावला, आणि तिला विचारूनच हे लिहितेय. ब्लॅक अँड व्हाईट आहे, दोन तासाला थोडासा कमी. इंग्रजी सबटायटल लावून मी मधे मधे थांबवून मराठीत सांगत होते, पण अर्ध्यानंतर काकूच म्हणाली, "सांगू नको गं, कळतंय मला सगळं."

गोष्ट खरी आहे. लिलियन रॉथ नावाची अमेरिकन गायिका-नटी, लहानपणापासून आईनं स्टेजवर उभी केलेली. १९५४ ला तिचं आत्मचरित्र आलं, त्यात स्वतःच्या दारूबद्दल काही लपवलं नाही, आणि दुसऱ्याच वर्षी एमजीएम ह्या हॉलिवूडच्या कंपनीनं त्याच नावानं पिक्चर काढला, दिग्दर्शक डॅनियल मान. लिलियनचं काम सुझन हेवर्डनं केलंय, आणि गाणी पण तिनं स्वतःच्याच आवाजात म्हटलीत. ह्या कामासाठी तिला १९५६ ला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. ऑस्करला नॉमिनेशन होतं, पण ते त्या वर्षी ॲना मान्यानीला गेलं. दारू पिणाऱ्या बाईचं काम हेवर्डनं आधी १९४७ ला पण एका पिक्चरमध्ये केलं होतं, तेव्हाही नॉमिनेशन झालं होतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पहिल्या घोटाचं. एकच प्याल्यात सुधाकरला तळीराम पाजतो, म्हणजे माणूस कसा आहे ते आपल्याला दिसतच असतं. इथं लिलियनचा होणारा नवरा वारतो, तिला झोप लागत नाही, आणि तिच्याजवळची नर्स अगदी मायेनं तिला थोडी देते, झोप लागावी म्हणून. बस्स. तिथं कुणी खलनायक नाही, म्युझिक पण फार वाजवत नाहीत. काकूनं तिथंच रिमोट माझ्या हातातनं घेऊन पिक्चर थांबवला. काका गेल्यावर तिला पण असंच कुणीतरी "दोन चमचे ब्रँडी घे, जरा डोळा लागंल" म्हणून दिली होती. देणारी बाई चांगली होती, काकू अजून तिचं नाव चांगल्यानंच घेते. पुढं मग तांदळाच्या डब्यात तळाला क्वार्टर, स्टीलच्या पेल्यावर झाकणी आणि तोंडात सतत लवंग. बेळगावात काय, गोव्यासनं येणारं जाणारं कोणतरी असतंच की. मी लहान होते, मला वाटायचं काकूला लवंग आवडते.

पिक्चरमध्ये पण लिलियन आईसाठी सोडल्याचं दाखवते आणि चोरून पीत राहते, तो सगळा भाग बघताना पोटात कालवतं. आईचं काम जो व्हॅन फ्लीटनं केलंय आणि मला विचाराल तर ती हेवर्डच्या तोडीस तोड आहे. शेवटी मायलेकी समोरासमोर येतात तो सीन बघाच. आई वाईट नाही, लेकीवर जीव आहे तिचा, पण स्वतःचं राहून गेलेलं सगळं तिनं लेकीच्या अंगावर घातलंय. तिथं माझ्या डोळ्यात पाणी आलं, काकू मात्र गप बसून बघत होती.

एक गोष्ट मात्र खटकली आणि ती सांगायलाच पाहिजे. लिलियन अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये (एए, दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायला चालवलेली संघटना) जाते, दारू एकदम बंद होते, अंग थरथरतं, भास होतात, आणि तिथली माणसंच तिला धरून त्यातनं पार काढतात. माणसं लई चांगली दाखवलीत, पण हे बघून घरी कुणी तसं करू नका. खूप वर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तर फिट येऊ शकते, जीव पण जाऊ शकतो, ते डॉक्टरच्या हाताखालीच करायचं असतं. आमच्या काकूला धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी मनोरुग्णालयात नेलं होतं. कुठं जायचं कळत नसेल तर टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे.

शेवट मला थोडा गोड वाटला. एएमध्ये भेटलेल्या बर्ट मॅग्वायरचा आधार मिळतो, टीव्हीवरच्या कार्यक्रमात सगळ्या देशासमोर आपली गोष्ट सांगायला ती निघते आणि संपतं. खऱ्या आयुष्यात बर्टबरोबरचं लग्न पण पुढं टिकलं नाही, आणि लग्नं तर पिक्चरमध्ये दाखवलीत त्यापेक्षा कितीतरी जास्त झाली होती. पण कार्यक्रमाच्या वेळी ती लोकांच्या मधल्या वाटेनं चालत जाते, ते चालणं हेवर्डनं असं केलंय की प्रत्येक पावलाला वाटतं आता मागं फिरते काय. काकू तेवढाच तुकडा दुसऱ्यांदा लाव म्हणाली. लावला. मग आत जाऊन चहा ठेवला तिनं.

डिस्क माझ्याकडंच आहे. शहापूर, टिळकवाडी, अनगोळ भागातल्या कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जावा, बघून झाली की आठवणीनं परत द्या.