मेणाचे दोन स्टार मी मागे घेतेय

डिसेंबरात मी मेणबत्त्या आणि क्रॉस स्टिच (फुल्यांचं भरतकाम) यांच्या याच किटला दोन स्टार देऊन लिहिलं होतं की मेण हलक्या प्रतीचं आहे, सुगंध धरत नाही. ते चूक होतं. मेण चांगलं आहे. खोट होती ती सोबत आलेल्या थर्मामीटरमध्ये, आणि ते कळायला मला मार्च उजाडला. माझं वाचून कुणी हे मेण घ्यायचं टाळलं असेल, म्हणून पुन्हा सविस्तर लिहितेय.

किट दिवाळीत १,६५० रुपयांना घेतलं होतं. मेणबत्त्यांचं सामान आणि क्रॉस स्टिचचं सामान एकाच खोक्यात, हे आवडलं म्हणून. आत मेण, सुगंध, डबे, थर्मामीटर, भरतकामाचं कापड आणि दोरे येतात. थर्मामीटर म्हणजे तो तबकडीचा, लांब दांडीचा.

पद्धत मला पाठ झाली होती. गरम पाण्याच्या पातेल्यात जग ठेवून सोया मेण वितळवायचं, ८५ अंशांना सुगंध घालायचा, दोन मिनिटं सावकाश ढवळायचं, ५५ पर्यंत उतरलं की डब्यात ओतायचं आणि मग दोन आठवडे हात लावायचा नाही. १५० ग्रॅम मेणाला १० ग्रॅम सुगंध, तोही स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून. सहाच्या सहा डबे मी असेच भरले, आणि सहाही बिघडले. वरचा थर फुटलेल्या दह्यासारखा, वातीशेजारी खड्डे. मोगऱ्याचा डबा उघडला की वास यायचा, पण पेटवल्यावर खोलीत काहीच नाही. दोन डब्यांवर तर तेलाचे थेंब साचले होते.

कंपनीला तीन वेळा फोटो पाठवले. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, ‘कृपया दिलेले तापमान पाळा.’ याचा मला फार राग आला. मी दुसरं काय करत होते? थर्मामीटरच्या काट्याकडे डोळे लावून ओट्याशी उभी होते.

मार्चमध्ये नव्याने सुटं मेण आणून बसले, तेव्हा शेजारचे काका आले होते. आमचं भुसावळ रेल्वेचं गाव, आणि काका लोको शेडमधून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोरी, माल नंतर तपास, आधी माप तपास.” स्टीलच्या ग्लासात बर्फ कुटून गच्च भरायला लावला, त्यात थोडं पाणी घातलं आणि दांडी बुडवून धरली. काटा शून्यावर यायला हवा होता. तो ८ वर थांबला. मग उकळतं पाणी. आमच्याकडे पाणी ९९ च्या आसपास उकळतं, कारण गाव समुद्रसपाटीपासून साधारण दोनशे मीटर उंच. काटा १०७ वर.

म्हणजे दोन्हीकडे ८ अंश जास्त. मी ८५ समजून सुगंध घालत होते तेव्हा मेण ७७ वर होतं, तेल नीट मिसळतच नव्हतं. ५५ समजून ओतत होते तेव्हा ते ४७ वर, म्हणजे गोठायच्या बेतात. खड्डे, थेंब, न येणारा वास, सगळ्याचं उत्तर त्या एका ग्लासात मिळालं.

आणि पुढचं ऐका. काकांनी तबकडी उलटी केली, तर मागे दांडीला लागून एक षटकोनी नट होता. बर्फाच्या पाण्यात दांडी तशीच ठेवून त्यांनी छोट्या पान्याने तो नट धरला आणि काटा शून्यावर येईपर्यंत तबकडी फिरवली. दोन मिनिटांचं काम. अशा थर्मामीटरला तो नट त्यासाठीच असतो. किटच्या माहितीपत्रकात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. चार महिने मी मेणाला बोल लावत होते आणि कंपनी माझ्या हाताला. मला हे अजून पचलेलं नाही. तुमच्याकडे असा थर्मामीटर असेल तर आजच बर्फात बुडवून बघा, मग मेणाबद्दल बोला.

मेण मात्र वाया गेलं नाही. जुन्या डब्यांतलं सगळं काढून पुन्हा वितळवलं, वाती नव्या लावल्या, सुगंध थोडाच वरून घातला. आता वरचा थर साईसारखा गुळगुळीत येतो. एक मोगऱ्याचा डबा पेटवला की तासाभरात पुढच्या खोलीपर्यंत वास जातो. मागच्या वेळी मी रंगीत डब्यांवरच्या पांढऱ्या नक्षीचीही तक्रार केली होती. तीही मागे घेते. सोया मेण म्हणजे वनस्पतीची चरबीच, ती गोठताना तिचे असे स्फटिक होतात. जळण्यावर त्याचा परिणाम नाही.

क्रॉस स्टिचबद्दल कमी लिहिते, कारण तिथे त्रास कमी झाला. आपल्याकडे दोसुतीवर फुल्या घालायची सवय अनेकींना असते, त्यांना किटमधलं आयडा कापड, म्हणजे फुल्यांसाठी चौकोनी घरं पाडून विणलेलं कापड, फार सोपं वाटेल. १४ काउंट म्हणजे इंचाला १४ घरं, सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर सुईत घ्यायचे. किटमधली गुलाब-फुलपाखरं मी बाजूला ठेवली आणि आलेख कागदावर आखाजीचा (आमच्याकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात) झोका काढला. निंबाची फांदी, झोक्यावर दोन पोरी, खाली घागर. ८४ फुल्या रुंद आणि ११२ उंच, म्हणजे सहा बाय आठ इंच. दीड महिना लागला. खोक्यातला लाल दोरा पहिल्याच धुण्यात पसरला, त्यामुळे एका पोरीचं लुगडं उसवून पुन्हा घालावं लागलं. नंतर लाल रंगासाठी अँकर कंपनीच्या दोऱ्याची लडी आणली, ती आठ मीटरची असते, निम्मी अजून उरली आहे. कापडावर आखायच्या, धुतल्यावर जाणाऱ्या निळ्या पेनाच्या रेघा धुण्याआधी इस्त्री केली तर पक्क्या होतात, हे पत्रकात ठळक छापलंय. थर्मामीटरबद्दलही तशीच एक ओळ छापायला काय हरकत होती?

हे चित्र फ्रेम करून आणि सोबत मोगऱ्याचा डबा देऊन आखाजीला माहेरी आलेल्या मोठ्या नणंदबाईंची ओटी भरली. त्यांनी झोका हातात घेतला आणि बराच वेळ बोललंच नाही.

डबा त्यांनी गावी नेऊन पत्र्याच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवला. मे महिन्यात फोन आला, “अगं, तुझी मेणबत्ती पातळ झाली.” ही गोष्ट मात्र मेणाची आहे. या मेणाचा वितळणबिंदू ४६ अंश, आणि आमच्याकडे पारा मेमध्ये तेवढ्यावर सहज जातो, पत्र्याखाली त्याहूनही वर. पाकिटावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ असं लिहिलंय. खान्देशात उन्हाळ्यात थंड जागा माठाशेजारी, आणि तिथे मेणबत्त्या कोण ठेवणार? मी आता चार भाग सोया आणि एक भाग मधमाशीचं मेण असं घेते. मधमाशीचं मेण ६२ च्या पुढे वितळतं, त्यामुळे डबा टिकतो. पण ते बरंच महाग आहे, वात एक नंबर जाड घ्यावी लागते, आणि त्याचा स्वतःचा मधाळ वास मोगऱ्याला थोडा दाबतो. वाळ्याशी मात्र छान जमतो. आणखी एक, कूलरच्या झोतात पेटवू नका. ज्योत एका बाजूला झुकते, मेण एकाच कडेला वितळतं आणि डबा काळा होतो. मी रात्री जेवणं झाल्यावर कूलर बंद करून तासभर पेटवते.

मेणाला आता चार स्टार, पाचवा उन्हामुळे नाही. आयडा कापडाला पाच. दोऱ्यांना दोन. थर्मामीटरला, नट फिरवल्यानंतरसुद्धा, मी एकच देईन. कंपनीला चौथा निरोप धाडलाय, बर्फातल्या काट्याचा फोटो आणि मागच्या नटाचा फोटो जोडून. पत्रकात ही माहिती घाला, एवढीच मागणी आहे. उत्तर आलं की इथे जोडेन.